धागा की गोफण

महादेव, दाराजवळची तुझी खुर्ची मी अजून हलवू दिलेली नाही. शिपाई दोनदा येऊन गेला, "मॅडम, ही लॅबमध्ये नेऊ का?" म्हणून. मी म्हटलं, राहू दे. त्यानं कारण विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. इतकी वर्षं मुलांना "आधी पुरावा, मग बडबड" असं दटावणारी बाई एका रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी बसलंय म्हणून ती हलवू देत नाही, हे सोलापुरात कुणाला सांगणार?

तुला सांगते. तुझ्यापुढे लाज कधीच संपलीय. तू गेल्यापासून लोक मला विचारतात, बरं वाटत नाही का, मध्येच का थांबता? झालंय असं की माझं एक वाक्य झालं की मी थोडी थांबते. घरी थांबते, स्टाफरूममध्ये थांबते, भाजी घेताना थांबते. ती जागा तुझी होती. तू "थांब, थांब, थांब" करत तिथं घुसायचास, निम्म्या वेळा माझं काय चाललंय ते न ऐकताच. तेव्हा मला त्याचा संताप यायचा. आता समोरचा माणूस माझ्याकडे बघत राहतो आणि मी दाराकडे. मग तो म्हणतो, "हं, पुढं?"

पुढं काय. पुढं आपलं भांडणच आहे. बाहेरच्या माणसाला ते समजावून सांगायची वेळ माझ्यावर तुझ्या दहाव्याला आली, तीही भर ओढ्याकाठी, तुझ्या सगळ्या भावकीसमोर. म्हणून इथंही एकदा नीट मांडते. चुका तू काढशीलच.

सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंशांचा. त्याच्याभोवती एक विरळ वातावरण आहे, खग्रास ग्रहणात काळ्या चकतीभोवती पांढरं पांढरं पिंजारलेलं दिसतं ते. ते दहा लाख अंशांच्याही वर तापलेलं. म्हणजे चुलीपासून लांब सरकावं आणि चटका वाढत जावा. तिथं अणूंचे तुकडे होतात, विजेचा भार असलेल्या कणांचा एक तापलेला वायू होतो, त्याला प्लाझ्मा म्हणायचं. हा प्लाझ्मा सूर्याची ओढ तोडून वाऱ्यासारखा बाहेर पडतो, आणि गंमत ही की लांब जाता जाता त्याचा वेग वाढत जातो. सेकंदाला शेकडो किलोमीटर. नुसत्या उष्णतेनं एवढा वेग येत नाही, इथपर्यंत आपलं एकमत. मग त्याला ढकलतं कोण, इथून आपलं फाटलं.

सूर्यातून चुंबकीय रेषा बाहेर पडतात, ताणलेल्या धाग्यांसारख्या. तू म्हणायचास, खाली मुळाशी या रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात, दुसरीच्या टोकाशी जुळतात, आणि जुळताना जो हिसका बसतो त्यात प्लाझ्मा भिरकावला जातो. गोफणीतला दगड सुटावा तसा. मी म्हणायचे, तोडातोडीची काय गरज आहे? सूर्याचा पृष्ठभाग सारखा खदखदतोय, तो धाग्यांची टोकं हलवतोय. ती थरथर लाटांनी वर जाते, आणि जाता जाता प्लाझ्माला तापवते, पुढं रेटत राहते.

दोघं भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि दोघांचे सिद्धांत लहानपणातून उचललेले. माझ्या नान्नांचे, म्हणजे वडिलांचे, टॉवेलचे चार माग होते. शाळेतून आले की मी ताण्यावर, त्या ताणलेल्या उभ्या धाग्यांवर, हलकेच तळवा ठेवायची. मागाची धडधड हातात यायची. अम्मा तेलुगूत ओरडायची, बोटं जातील म्हणून. आणि तू मंगळवेढ्याच्या काळ्या रानात माळ्यावर, लाकडी मचाणावर उभा राहून ज्वारीवरची पाखरं हाकलत मोठा झालास. तू म्हणायचास, "तुझ्या बापाचे माग बंद असते तर तूपण गोफणीकडंच असतीस." मी म्हणायचे, "आणि तुझ्या रानात पाखरं नसती तर तू शहाणा झाला असतास."

दर वर्षी आपण तो तास मिळून घ्यायचो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आधीच्या वर्षाची मुलं सांगून ठेवायची, या तासाला दांडी मारू नका. मी खिडकीच्या गजाला दोरी बांधायची, कारण धागा मागच्या बाकावरून दिसत नाही. दुसरं टोक हलवलं की लाट गजापर्यंत पळत जायची. तू दाराजवळच्या खुर्चीवर पाय लांब करून बसलेला. माझी दोन वाक्यं झाली की "थांब, थांब". मग पिशवीतून गोफण निघायची. तीच, तुझ्या आईनं, आक्कानं विणलेली, मधली खोळ काळी पडलेली. त्यात खडूचा तुकडा ठेवून तू गरगर फिरवून एक दोर सोडायचास, आणि पहिला बाक खाली वाकायचा. एकदा खडू खिडकीतून बाहेर गेला आणि प्राचार्यांच्या चहाच्या कपाशेजारी पडला. त्यांनी तो परत पाठवला, वर निरोप, "सूर्याकडे परत."

त्या तासाचा आपला एकच नियम होता. निकाल द्यायचा नाही. मुलं चिडायची, परीक्षेत काय लिहायचं म्हणून. तू सांगायचास, "दोन्ही लिहा. आणि खाली लिहा, सर आणि मॅडम अजून भांडायलेत."

जगातही तेच चाललं होतं ना. सूर्याच्या अगदी जवळ गेलेल्या त्या यानानं दाखवलं की तिथल्या चुंबकीय रेषा सरळ नसतात, मध्येच वळून, उलट्या होऊन परत सरळ होतात. ती बातमी आली त्या दिवशी तू मला सात रस्त्याच्या चौकात चहाला बोलावलंस आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरलास. "बघ. ही मुरड कुठनं आली? खाली रेषा तुटून जुळल्याशिवाय येती व्हय?" मी म्हटलं, धागा जोरात थरथरला तरी मुरडतो, आमच्या घरी येऊन बघ. आपण दोघंही उभ्यानं भांडत होतो, आवाज चढलेले, शेजारचे लोक सरकून उभे राहिलेले. शेवटी चहावाले चाचा म्हणाले, "चाय ठंडी होरी सर. सूरज कहीं नै जारा." तू एवढा हसलास की चहा तुझ्या शर्टावर सांडला. तो डाग गेला नाही, आणि तू तो शर्ट वापरायचंही सोडलं नाहीस.

आपल्याबद्दल लोक काय काय बोलायचे ते आपल्या दोघांच्याही कानावर यायचं. तू लग्न केलं नाहीस, मी केलं आणि ते सुखाचं आहे. माझे यजमान तुला "सूर्यवंशी" म्हणायचे आणि तुझ्यासाठी शेंगाचटणी बाजूला काढून ठेवायचे. तरी बोलणारे बोलायचेच. तू म्हणायचास, "त्यांना सांग, आमचं सूर्यावरनं वाजलंय, घरावरनं न्हाई." माझा तुझ्यावर फार जीव होता, महादेव. तो कोणत्या जातीचा, हे ठरवायची आपल्याला कधी गरज पडली नाही. आता ते ठरवायला दुसरं माणूस उरलं नाही, एवढाच फरक.

दवाखान्यातलं बोलते. ते टाळून चालणार नाही.

तुझं हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. तू नाकात नळी घेऊन पडलेला, पायांवर सूज, आणि चेहरा असा की मला तुझ्याकडे बघवेना. मी तिथं बसल्या बसल्या ठरवलं की याला आज खूश करायचं. म्हटलं, "महादेव, मी विचार केला. तुझंच बरोबर दिसतंय. मुळाशी गोफणच असणार."

तू डोळे उघडलेस. मग म्हणालास, "मी मरायलोय म्हणून मार्क वाढवून द्यायलीस व्हय गं पद्मे?"

"तसं नाही रे."

"मग पुरावा काय? कालपास्नं आजपर्यंत कुठला नवा पुरावा आला?"

मी चादरीची घडी नीट करायला लागले.

"न्हाई ना? मग भांडायचं असंल तर भांड. न्हाईतर घरी जा."

मग मी भांडले. त्या खोलीत, यंत्रांच्या टिकटिकीत, लाटांची सगळी गणितं तोंडी मांडली. तुझ्या गोफणीचा दगड एकदा सुटला की सुटला, मग लांब गेल्यावर वेग वाढवायला तू काय दगडामागून पळतोस का, असं विचारलं. तू धाप लागेपर्यंत उत्तरं दिलीस. नर्स येऊन मला रागावली. तुझ्या गालांवर जरा रंग आला होता, हे तिनंही बघितलं असणार, कारण तिनं मला लगेच हाकललं नाही.

निघताना तू विचारलंस, "माझ्यामागं गोफणीकडनं कोण बोलंल गं?"

मी म्हटलं, "तूच बोलशील. नाटकं करू नकोस."

त्यावर तू नुसता हसलास. दुसऱ्या दिवशी उजाडताना तू गेलास. तुझा प्रश्न तिथंच त्या खोलीत राहिला, आणि तो माझ्यामागोमाग घरी आला. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, तुझाही नव्हता. पण कुकरची शिट्टी वाजायच्या आधीच्या शांततेत मला तो प्रश्न ऐकू यायचा. जिन्यात ऐकू यायचा. फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागून ऐकू यायचा, अगदी तुझ्या त्या हेल काढण्यासकट, आणि मी वळून बघायची. मुलांना वाटायचं मॅडमनी कुणाला तरी बोलताना पकडलं. ती निमूट व्हायची.

दहाव्याला मी एसटीनं मंगळवेढ्याला आले आणि तिथून तुझ्या धाकट्या भावाच्या, बिरूच्या गाडीवर तुमच्या रानात. ज्वारी दाण्यात आलेली. सगळ्या शिवारात गोफणी चालू होत्या. "हाऽ हाऽ" असा आवाज, मग दोराचा कडाका, मग पाखरांचा थवा उठायचा आणि शेजारच्या रानात बसायचा, तिथून परत कडाका. तू वर्णन करायचास तसंच. मला क्षणभर वाटलं, त्यातली एक तुझी आहे.

ओढ्याकाठी बिरूनं पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकून उभे राहिले. बाभळीवर तीन-चार कावळे होते. पण दर कडाक्याला उडायचे, घिरटी घालून परत बसायचे. खाली एक येईना. बराच वेळ गेला. उन्हं चढली. तुझी आई, आक्का, डोक्यावर पदर ओढून दगडावर बसली होती. ती म्हणाली, "जन्मभर पाखरं हाकलली त्यानं. आता येत्यात व्हय कावळं त्येच्याकडं?"

कुणाला हसावं का रडावं कळेना. मग बिरू बांधावर चढला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडला, "थांबा रं जरा समदी. दादाचा घास शिवायचाय."

आणि महादेव, एकेक करून गोफणी थांबल्या. जवळचं रान थांबलं, मग पलीकडचं, मग पार लांबवरचा तो एकटा आवाज होता तोही थांबला. लोक आपापल्या माळ्यावर हात खाली सोडून उभे. पाखरांनी तेवढ्यात डाव साधला, कणसांवर तुटून पडली, आणि कुणी त्यांना काही केलं नाही. दाणा जात होता तुझ्यासाठी. एवढी शांतता मी कधी ऐकलेली नाही. त्या शांततेत तुझा प्रश्न इतका मोठ्यानं आला की मी शेजारच्या बाईकडं बघितलं, तिला ऐकू गेला का म्हणून.

कावळा बाभळीवर बसून मान वाकडी करत होता. खाली येत नव्हता.

तुमच्या रीतीप्रमाणं मग एकेकजण पुढं होऊन तुला शब्द द्यायला लागला. बिरू म्हणाला, "दादा, आक्काला मी अंतर देणार न्हाय." कावळा जागचा हलला नाही. चुलते म्हणाले, शाळेला तुझी पुस्तकं देतो. नाही. कुणी म्हणालं, विहिरीवर तुझ्या नावानं झाड लावतो. नाही. मग आक्का माझ्याकडं वळली. "पद्माबाई, तुमी बोला. तुमचं त्येचं काय तरी राह्यलंय. मला ठावं हाय."

सगळी भावकी माझ्याकडं बघायला लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कावळ्याला भूक लागली की तो येतो, नसली की येत नाही, हे मला माहीत आहे आणि तू तर त्यावर तासभर व्याख्यान दिलं असतंस. पण समोर तुझी आई बसलेली होती. तिच्या तोंडात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता, आणि तिच्या लेखी तू कुठंतरी अडकून पडला होतास. माझ्या जिभेवर सोपं वाक्य तयार होतं. महादेव, तुझंच बरोबर होतं. एवढं बोलले असते की माझ्याकडून सुटका. त्यांना काय, त्यांना ते देवाघरचं वाटलं असतं.

पण ते तू दवाखान्यात माझ्या तोंडावर परत फेकलं होतंस. दुसऱ्यांदा तेच तुझ्यापुढं कसं ठेवू?

मी पुढं झाले. म्हटलं, "महादेव, तुझी बाजू मी मांडीन. मला पटत नसली तरी मांडीन. आणि हरवायला म्हणून नाही, जिंकायला म्हणून मांडीन."

चुलते लगेच सावध झाले. "कसली बाजू? कोर्टात काय दावा-बिवा हाय का?" मागं कुजबुज सुरू झाली, बांधावरनं काय भानगड आहे का म्हणून. मग काय, सांगावं लागलं. पिंडासमोर उभी राहून मी तुझ्या भावकीला सांगितलं की सूर्यातून वारा सुटतो, तो लांब जाता जाता जोर धरतो, आणि त्याला जोर कशानं येतो यावरून आमचं वीस वर्षांचं भांडण आहे. तो गोफण म्हणतो, मी धागा म्हणते.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. "सूर्यातनं वारं सुटतंय?"

"हो."

"आन् त्येच्यावरनं भांडत हुता तुमी? एवढी वर्सं?"

"हो."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलं, लगनाचं काय तरी असंल."

 तिनं पुढं विचारलं नाही. फक्त माझा हात ओढून मला शेजारी दगडावर बसवून घेतलं, आणि हात सोडला नाही.

कावळा आला नाही, महादेव. माझ्या शब्दालाही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे निघालो. निघताना मागं वळून बघायचं नसतं, हे आक्कानंच मला दोनदा बजावलं होतं. मी पुढं चालत होते, ती मागं पडली होती. बांधापाशी आल्यावर तिनं मला गाठलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "शिवला. म्यां वळून बगितलं. शिवला बगा."

बिरू पळत मागं गेला आणि परत आला. पिंड विस्कटलेला होता, म्हणाला, पण कुत्रंही असेल. आक्का म्हणाली, "कावळा हुता. आईला दिसतंय की." घरी जाऊन ती जेवली. तिच्या जेवणानंतर शिवारात परत गोफणी सुरू झाल्या. निघताना तिनं तुझी गोफण माझ्या पिशवीत घातली. "हितं ठिवून काय करू? तुमी बोलणार हाय न्हवं त्येच्या वतीनं?"

परतीच्या एसटीत मी सोलापूरपर्यंत एकच विचार करत आले. तिनं खरंच बघितलं का? का मला, बिरूला, सगळ्यांना मोकळं करायला ती तसं म्हणाली? तू असतास तर पुरावा मागितला असतास. तिच्याकडं मागायची माझी छाती नव्हती.

तू तासाला एक गोष्ट सांगायचास, आणि ती सांगताना तुझा आवाज आपोआप खाली यायचा. सूर्याभोवती एक हद्द आहे. हद्दीच्या आत वाऱ्यात काही हललं तर त्याची लाट माघारी सूर्यापर्यंत पोचू शकते. पण हद्द ओलांडली की वाऱ्याचा वेग लाटेपेक्षा जास्त होतो. मग लाट सूर्याकडं तोंड करून निघाली तरी वारा तिला बाहेरच ओढून नेतो. "तिथनं पुढं गेलेल्याचा निरोप माघारी येत न्हाई," असं म्हणून तू थांबायचास. दर वर्षी वर्ग तिथं गप्प व्हायचा. मी मात्र मागून सांगायची, पण ती हद्द सरळ नाही, वेडीवाकडी आहे, यान एकाच फेरीत तिच्या आत गेलं, बाहेर आलं, परत आत गेलं. तू चिडायचास. "माझा चांगला जमलेला परिणाम घालवू नको गं."

आता तू त्या हद्दीपलीकडं आहेस आणि मी ती वेडीवाकडी असण्यावर सगळा भार टाकून बसलेय. आक्का वळली त्या क्षणी ती हद्द कुठून जात होती, कोण सांगणार? तुझा आवाज मला जिन्यात ऐकू येतो तेव्हा मी आत असते की बाहेर?

लोक म्हणतात, दिवस जातील तसं कमी होईल. मला खोटं वाटतं. पहिल्या दिवशी मी पोळ्या केल्या, फोन घेतले, माणसांना चहा दिला. आता त्या दिवसापासून लांब आलेय तर चटका वाढलाय. हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मग ढकलतंय कोण ते शोध.

तर आज तो तास होता.

मी दोरी गजाला बांधली. माझी बाजू मांडली, ती मला झोपेतही मांडता येते. मग पिशवीतून गोफण काढली. मुलं एकदम सरळ बसली. त्यांना वाटलं मी तुझी आठवण म्हणून चार शब्द बोलेन. मी म्हटलं, "आता सरांची बाजू." गोफणीत खडू ठेवला आणि फिरवली. मला नीट येत नाही, तुला माहीत आहे, एकदा कॉलेजच्या मैदानावर माझा दगड पाठीमागं गेला होता. आजही खडू फळ्याला लागायचा तो छताला लागला.

मग मी बोलायला लागले, आणि काय झालं ते मला धड सांगता येत नाही. आठवडाभर तुझ्या बाजूची तयारी केली होती, तुला हरवायला नाही, तू करायचास तशी जीव तोडून. म्हटलं, मॅडम म्हणतात लाटा प्लाझ्माला वाटेत रेटत राहतात. मान्य. लांब गेल्यावरही जोर मिळतो तो लाटांकडून, तेही मान्य. पण पोरांनो, त्या लाटा सुरू कुणी केल्या? मुळाशी रेषा तुटली, दुसरीला जुळली, हिसका बसला. त्या हिसक्यानंच धागा थरथरायला लागला असेल तर? म्हणजे मॅडम ज्याला धागा म्हणतात तो सरांच्या गोफणीचाच दोर झाला की.

"झाला की" हे माझ्या तोंडून तुझ्या हेलात बाहेर पडलं. मागच्या बाकावर कुणीतरी श्वास आत ओढला. मी स्वतःच दचकले.

आणि सवयीनं थांबले. समोरच्यानं "थांब, थांब" म्हणून घुसावं म्हणून जागा सोडली. पण आज घुसायची पाळी माझी होती. धाग्याच्या बाजूनं उत्तर द्यायचं होतं. मी ते शोधलं. वर्गात पंखा फिरत होता, दोरी गजाला लोंबत होती, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मग तुमच्या दोरीचं काय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "आज सर जिंकले."

मी दाराकडं बघितलं. सगळा वर्ग वळून दाराकडं बघायला लागला.

हे तुला सांगायला बसलेय, महादेव. वीस वर्षांत पहिल्यांदा मी हरले, आणि ज्याला सांगायचं तो माणूस नाही. दवाखान्यात तुला खोटी हार दिली होती, ती तू घेतली नाहीस, बरं केलंस. ही घे. ही खरी आहे. हिचा पुरावा आहे, चाळीस मुलांनी बघितलंय. आजच्यापुरती आहे, फार चढू नकोस. पुढच्या तासाला माझी पाळी आहे आणि मी उत्तर शोधून आणणार आहे.

तोवर खुर्चीवरून उठू नकोस.